ओलंच वाढायचं

थोरलीनं अंडं पातेल्याच्या काठावर आपटलं आणि तिचा हात तसाच राहिला. आतलं सगळं बोटांवरून ओघळून ओट्यावर सांडलं, तरी तिला पत्ता नव्हता. ती वाढपाच्या खिडकीतून फाटकाकडे बघत होती.

फाटकाशी एक म्हातारी एका आठेक वर्षांच्या मुलीची कॉलर सारखी करत होती. कॉलर झाल्यावर तिनं मुलीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, दोन बोटं टेकवली. मुलगी ताठ झाली.

"पाय घासून आत जा," म्हातारी म्हणाली. "आणि रांग मोडायची नाही."

आवाज पार खाली गेला होता, पण बोलण्याची ठेवण तीच होती. आणि ती दोन बोटं तर थोरलीनं हजारांत ओळखली असती. बेचाळीस वर्षांपूर्वी याच अंगणात त्यांनी तिचीही पाठ ताठ केली होती.

"ताई, अहो अंडं!" धाकटी ओरडली.

स्वयंपाकघरात या दोघीच. एकमेकींच्या कुणी लागत नव्हत्या. एक आधी कामाला लागली म्हणून थोरली, दुसरी मागून आली म्हणून धाकटी. शाळा चालू असली की दुपारचं जेवण शाळेचं असायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते बंद, आणि ज्यांच्या घरी दुपारची चूल पेटत नाही अशा पोरांचे हाल कुत्रा खात नसे. म्हणून गेली सहा वर्षं एक संस्था सुट्टीतही याच हॉलमध्ये जेवण चालवत होती. शेगड्या त्याच, पातेली तीच, बायका त्याच. दाराच्या वर भिंतीवर रंगवलेल्या तीन ओळीही त्याच होत्या. जेवण इथेच जेवायचं. मोठ्यांना ताट मिळणार नाही. अन्न बाहेर नेताना जो सापडेल त्याचं ताट बंद.

थोरलीनं हात पुसला. मुलगी आत आली तेव्हा तिनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. दोन वेण्या, त्यातल्या एकीलाच रिबीन. थोरली प्रत्येक पोराला नाव ठेवायची, चष्मिस, खोकला, मुंगी, चिमटा. या मुलीचं नाव तिनं तिथल्या तिथे ठेवलं, रिबीन.

"नवी आहेस?"

मुलीनं मान हलवली.

"बाहेर कोण उभं आहे?"

"आजी."

"आजी आत का नाही आली?"

"मोठ्यांना नसतं," रिबीन म्हणाली.

थोरलीनं तिला डावभर जास्त रस्सा वाढला. हात सैल सुटला होता म्हणून नव्हे. गळाला आमिष लावताना कुणी काटकसर करत नाही, आणि गळ कसा टाकायचा हे माहीत नसलं तरी मासा आपल्या पाण्यात आलाय एवढं तिला कळलं होतं.

धाकटीला चौकशा करायला सांगावं लागत नसे. त्याच दुपारी ती सगळं घेऊन आली. म्हातारी लाँड्रीच्या मागच्या एका खोलीत राहत होती. मुलगा घर विकून, बायकोला घेऊन कुठेतरी निघून गेला होता आणि जाताना मुलगी आईकडे टाकून गेला होता. म्हातारी शिकवण्या घ्यायची, पण डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर पोरं येईनाशी झाली.

"बिचारी," धाकटी म्हणाली. "इथेच मुख्याध्यापक होती म्हणे एके काळी."

"बिचारी!" थोरलीनं पातेलं असं आदळलं की झाकण खाली पडलं.

घरी तिची आई खिडकीशी खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिचे पाय गेले होते, तोंड शाबूत होतं.

"आज कोण आलं होतं सांगू?"

"सांग. मला तर कुणी भेटायला येत नाही, तुझ्याकडेच लोक येतात."

"मोठ्या बाई."

शेंगांवरची बोटं थांबली.

"मेली नाही होय अजून?"

"नातीला घेऊन आली होती. जेवायला."

"कुणाकडे जेवायला?"

"माझ्याकडे. रांगेत."

आईनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग ती हसायला लागली. एवढी हसली की तिला ठसका लागला आणि थोरलीला तिची पाठ चोळावी लागली.

"वाळली असेल," डोळे पुसत आई म्हणाली.

"वाळलीय."

"चपला?"

"अंगठा शिवलेला. दोरीनं."

"दोरीनं!" आई उशीला टेकली. कुणीतरी पाय दाबून देत असल्यासारखा तिचा चेहरा निवांत झाला होता. "अजून सांग. सावकाश सांग, गडबड नको."

थोरली नऊ वर्षांची होती तेव्हा तिची आई त्या शाळेत भांडी घासायची. सुट्टी लागायच्या दिवशी पातेल्याच्या तळाशी भात उरला होता, चार पाव उरले होते. पुढचे दोन महिने पोरांना शाळेचं जेवण नव्हतं, घरात पीठ नव्हतं आणि धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता. आईनं भात आणि पाव डब्यात भरले आणि डबा पदराखाली घेतला. फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या. सगळी शाळा रांगेत घरी निघाली होती, आणि त्या रांगेत थोरलीही होती.

"काय आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. एवढंच. ओरडल्या नव्हत्या. आईनं डब्यावरचा पदर काढला. "ओत." फाटकाबाहेर गटार होतं. आईनं ओतलं. पाव तरंगायला लागले तसं मोठ्या बाईंनी शिपायाला सांगून बादलीभर पाणी वरून सोडलं, कुणी उचलू नये म्हणून. सुट्टीनंतर पुन्हा कामाला यायचं नाही, हे वेगळं सांगायचीही गरज पडली नाही.

आई परगावी एका घरी कामाला गेली. पोरं मामाकडे राहिली, आणि मामी पोरांच्या तोंडाकडे बघत बघत जेवायला घालायची. दोन वर्षांनी आई न्यायला आली तेव्हा धाकटा भाऊ तिला बघून मामीच्या मागे लपला. "आई, ही कोण?" असं त्यानं विचारलं, ते मामीला. त्या दिवसानंतर आईनं मोठ्या बाईंचं नाव दिवसातून एकदा तरी घेतलं नाही असा दिवस गेला नाही. लोक देवाचं घेतात तसं ती ते घ्यायची, फक्त मागणं वेगळं होतं.

"तू अंडी कशी करतेस?" आईनं एकदम विचारलं.

"फोडून. रश्श्यात सोडते."

"आणि पाव?"

"कुस्करून रश्श्यातच. केळी दुधात कुस्करते."

"का?"

वीस वर्षांपूर्वी थोरली कामाला लागली तेव्हा तिच्या आधीच्या बाईनं तिला सांगितलं होतं, सगळं ओलंच वाढायचं. तिनं विचारलं नव्हतं. "पद्धत आहे तशी," ती म्हणाली.

"पद्धत कुणाची? तिची. माझा डबा ओतला ना, त्याच्या पुढच्या वर्षी तिनं घालून दिली. शिपायाची बायको सांगायची मला. ओलं वाढलं की खिशात जात नाही. पोर जेवढं पोटात मावेल तेवढंच नेतं." आईनं शेंगा बाजूला सारल्या आणि पुढे वाकली. "तू अंडी उकड. सालासकट दे. पाव सबंध दे, केळं सबंध दे. घरात उपाशी म्हातारी असली ना, की पोरीचा हात आपोआप खिशाकडे जातो. मला विचार. आणि गेला, की तू फाटकात उभी राहा."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय एकांतात? माझं काय एकांतात झालं होतं?"

थोरलीनं खाली पडलेलं एक टरफल उचललं. मग म्हणाली, "पोरीचं ताट बंद होईल गं. अख्खी सुट्टी पडलीय अजून."

"माझ्या पोरांचं झालंच होतं," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

सोमवारी हॉलमध्ये उकडलेल्या अंड्यांची परात आली तेव्हा पोरांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मुंगीनं अंडं कानाशी नेऊन हलवून बघितलं.

"ताई, आज काय विशेष?" धाकटी म्हणाली. "आणि हे साल कोण उचलणार?"

"मी उचलीन. तू वाढ."

पहिल्या दिवशी रिबिनीनं तिचं अंडं मुकाट्यानं सोललं आणि खाल्लं. पाव खाल्ला, केळं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तसंच. थोरली वाढता वाढता नजर ठेवून होती आणि मनातल्या मनात त्या मुलीला शिव्या घालत होती. असली कसली कार्टी, आजीची काही पर्वाच नाही हिला. तिसऱ्या दिवशी तिनं तिच्या ताटात दोन अंडी ठेवली.

"एक जास्त आलंय," रिबीन म्हणाली.

"आलं तर आलं. खा."

रिबिनीनं एक खाल्लं. दुसरं बराच वेळ ताटात राहिलं. मग थोरली दुसऱ्या बाकाकडे वळली आणि पुन्हा बघते तर ताट रिकामं होतं, आणि रिबिनीच्या ताटाशी साल मात्र एकाच अंड्याचं होतं.

थोरलीला एवढा आनंद झाला की तो लपवायला तिला पातेल्यात तोंड घालावं लागलं. घरी जाऊन तिनं सांगितलं तेव्हा आईनं खाटेवर मूठ आपटली.

"लगेच धरू नकोस. तिला सवय लागू दे. भीती गेली पाहिजे."

"शनिवारी धरते. शनिवारी फाटकाशी गर्दी असते, न्यायला आईबाप येतात."

"शनिवारी," आई म्हणाली, आणि त्या शब्दाची चव घेतल्यासारखे तिनं ओठ मिटले.

दोघी मायलेकी त्या आठवड्यात पोटभर जेवल्या. आई रोज नवं काहीतरी सुचवायची. आधी पोरीला पुढे बोलव, म्हातारीला मागनं. आवाज चढवू नकोस, तिनं चढवला नव्हता. 'काय आहे?' एवढंच म्हण. तिला ओळख पटली पाहिजे. पटली की मग म्हण, ओत. आता अंडं ओतता येत नाही, तर 'टाक' म्हण. पण म्हण बाई, विसरू नकोस, त्या शब्दासाठी मी जिवंत आहे. थोरली भाजी चिरताना तो शब्द पुटपुटून बघायची. टाक. तिच्या तोंडात तो फार छान बसायचा.

रिबीन समोर आली की मात्र तिला एकेक गोष्ट दिसायला लागली होती, आणि त्या न दिसत्या तर बरं झालं असतं. मुलगी पाव खिशात घालण्याआधी हातरुमालात गुंडाळायची. केळं टोकाकडून अर्धं खायची आणि साल पुन्हा ओढून घ्यायची. थोरलीनं स्वतःला दटावलं. दया यायला लागली की तिनं तीन वर्षांचा भाऊ मामीच्या मागे लपताना डोळ्यांसमोर आणायचा, मग दया जायची.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली. पोरांनी ताटं हौदात टाकली आणि फाटकाकडे रांग लावली. फाटकाबाहेर भर उन्हात दहाबारा आईबाप उभे होते आणि जरा लांब, लाँड्रीच्या भिंतीची सावली धरून, मोठ्या बाई. थोरलीनं एप्रन काढला नाही. ती तशीच गेली, फाटकाची कडी लावली आणि वळून रांगेकडे तोंड केलं.

"थांबा."

रांग थांबली. धाकटी खिडकीतून बघायला लागली.

"रिबीन, पुढे ये."

मुलगी पुढे आली. थोरलीनं फाटकाच्या गजांतून बाहेर पाहिलं. म्हातारीनं सावली सोडली होती आणि ती फाटकाकडे येत होती, डोळे बारीक करून. येऊ दे. ती गजांपर्यंत पोचेपर्यंत थोरली थांबली. मग आवाज न चढवता म्हणाली, "काय आहे?"

रिबिनीचा हात फ्रॉकच्या खिशावर गेला.

आणि त्याच वेळी तिच्या मागे अख्ख्या रांगेत काहीतरी हललं. थोरलीनं वर बघितलं. चष्मिसचा हात शर्टाच्या आत होता. खोकल्यानं दप्तर छातीशी घट्ट धरलं होतं. सुट्टीत दप्तर कशाला आणतो हा, हे तिनं आठवडाभर विचारलं नव्हतं. चिमट्यानं दोन्ही कोपर अंगाला चिकटवले होते आणि एका बगलेतून केळ्याचा देठ दिसत होता. मुंगी सगळ्यांत लहान, तिला खिसाच नव्हता. तिनं पाव टोपीखाली ठेवला होता आणि टोपी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. एकेचाळीस पोरं, आणि ज्याचा हात कशावर तरी नाही असं एकही नव्हतं. कुणी पळत नव्हतं. सगळी तिच्याकडे बघत होती.

वीस वर्षं थोरलीला चाटून पुसून स्वच्छ झालेल्या ताटांचा अभिमान होता. माझी पोरं तृप्त होऊन घरी जातात, असं ती चारचौघांत सांगायची. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत होतं, आणि ती वीस वर्षं ओलं वाढत आली होती. ज्या बाईला ती उठताबसता शिव्या घालत होती, तिचंच काम तिनं इमानानं केलं होतं.

"खिसा रिकामा कर," कुणीतरी म्हणालं.

ते थोरली म्हणाली नव्हती. गजांपलीकडून मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. त्यांची पाठ ताठ झाली होती.

"मला म्हणालीस, घरी न्यायलाच देतात. खोटं बोललीस?"

"आजी, ते तुझं—"

"काढ बाहेर."

रिबिनीनं खिशातून हातरुमाल काढला आणि उलगडला. अंडं, अर्धा पाव.

"टाक," म्हातारी म्हणाली, आणि बोटानं गटार दाखवलं.

मुलीचा हात गजांतून बाहेर गेला. ती आता टाकणार, एवढ्यात थोरलीनं तिचं मनगट धरलं. दयेनं नव्हे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. एक शब्द, आठवडाभर घोळवलेला, आईनं बेचाळीस वर्षं जपून ठेवलेला, तोसुद्धा या बाईनं तिच्या तोंडचा काढून घेतला होता.

"टाकू नकोस," ती म्हणाली. "खिशात ठेव." मग तिनं कडी काढली. "पोरांनो, जा घरी. उन्हात थांबू नका. आणि तुम्ही, बाई, तुम्ही आत या."

पोरं क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग पाण्यासारखी फाटकातून वाहून गेली. दोनचार आईबाप मात्र थांबले. फुकटचा तमाशा कोण सोडतं. थोरलीला तेच हवं होतं. तिनं म्हातारीचा दंड धरून तिला हॉलमध्ये नेलं आणि पोरांच्या बुटक्या बाकावर बसवलं. मोठ्या बाईंचे गुडघे पार छातीशी आले.

"मोठ्यांना नसतं," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"मीच लिहिलंय ते."

"ठाऊक आहे मला कुणी लिहिलंय." थोरलीनं ताट आणलं, दोन अंडी, दोन पाव, रस्सा, आणि ते त्यांच्यासमोर असं आपटलं की रस्सा काठावरून उडाला. "खा. इथेच. सगळे बघतायत तोवर. संपवल्याशिवाय उठायचं नाही."

म्हातारीनं ताटाकडे पाहिलं, दाराशी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. रिबीन बाकाच्या टोकाला उभी होती. तिनं आजीसाठी अंडं सोलायला घेतलं.

थोरली समोरच्या बाकावर बसली. "मी कोण ते कळलं का?"

"आवाज ओळखीचा वाटत नाही."

"माझी आई इथे भांडी घासायची. सुट्टीच्या दिवशी फाटकात तुम्ही तिचा डबा ओतायला लावलात. भाताचा. वरनं बादली ओतलीत."

मोठ्या बाईंनी बराच वेळ आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवत होत्या, हे दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले.

"डबे बरेच होते गं," शेवटी त्या म्हणाल्या. "दर वर्षीचे. तुझ्या आईचा कुठला?"

शिव्या थोरलीकडे पोतंभर होत्या, पण त्यांतली एकही या वाक्याच्या मापाची नव्हती.

म्हातारी खायला लागली. आधी हळूहळू, माणसांत खातात तशी. मग हळूहळू राहिलं नाही. पाव बुडवायचा, तोंडात घालायचा, गिळायच्या आत दुसरा तुकडा तोडायचा. हनुवटीवर रस्सा आला तोही त्यांना कळला नाही. दाराशी उभे असलेले लोक एकेक करून निघून गेले. त्यांना ते बघवेना. थोरली मात्र बघत बसली. यासाठीच आणलं होतं तिनं यांना इथे. ही मान खाली जाईल, डोळ्यांत पाणी येईल, एकदा तरी कुठे काहीतरी मोडेल, म्हणून. पण मोडायला काही शिल्लकच नव्हतं. भूक आधी येऊन सगळं घेऊन गेली होती.

ताट संपलं. मोठ्या बाईंनी बोटं चाटली आणि मान वर केली.

"अजून थोडं मिळेल का?"

थोरली उठली. रागातच तिनं पातेल्याचं झाकण काढलं, रागातच डाव भरला, आणि वाढला.

संध्याकाळी घरी पोचली तेव्हा आई खाटेवर ताठ बसून होती. केस विंचरले होते. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बातमी ऐकल्यावरच जेवीन, असं शेजारणीला सांगितलं होतं.

"बोल."

थोरलीनं चपला काढल्या, हात धुतले. आईचं ताट वाढून तिच्या मांडीवर ठेवलं, भात, रस्सा, एक अंडं.

"बोल की गं. ओळखलं तिनं?"

"लगेच."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं," थोरली म्हणाली. "म्हणाली, तो डबा मी विसरले नाही. एक दिवस विसरले नाही."

आईनं डोळे मिटले. "मग?"

"मग मी म्हणाले, टाक."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. पोरीनं गटारात टाकलं. मी वरनं बादली ओतली."

"रडली ती?"

"रडली. पाय धरायला लागली होती."

आईनं मोठा श्वास सोडला. भाताचा एक घास घेतला, चावला. दुसरा घास हातात धरून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्यांचे कपडे वाळत होते.

"आणि पोरगी?"

"कोण पोरगी?"

"नात गं तिची. तिचं ताट?"

थोरली अडखळली. "बंद," ती म्हणाली. "नियमच आहे."

"अख्खी सुट्टी?"

"अख्खी."

आईनं हातातला घास परत ताटात ठेवला. थोरलीला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. पण खरं सांगायचं म्हणजे ते 'डबे बरेच होते' हेही सांगावं लागणार होतं, आणि ते तिला या जन्मी तरी जमणार नव्हतं.

"आठ वर्षांची म्हणालीस ना?" आई म्हणाली.

"हो."

"मग काय खाईल ती उद्या?"

आईनं ताटातलं अंडं उचललं, त्याला लागलेला रस्सा बोटानं निपटून काढला आणि ते थोरलीसमोर धरलं.

"हे रुमालात बांध. सकाळी कुठे तरी गाठ तिला, शाळेच्या मागं वगैरे. रोज एक नेत जा. मी पाठवलं म्हणू नकोस."

"बरं."

"आणि बजावून सांग तिला. तिथल्या तिथे, तुझ्यासमोर खायचं. घरी न्यायचं नाही." आईचा आवाज पुन्हा नेहमीचा धारदार झाला होता. "त्या म्हातारीच्या पोटात माझा एक घाससुद्धा जाता कामा नये. ऐकलंस?"

"ऐकलं," थोरली म्हणाली, "नाही जाणार," आणि आई बघत होती म्हणून रुमालाची गाठ तिनं चांगली घट्ट मारली.